रंगपट ते रुपेरी पडदा : दादासाहेब फाळके यांचा मायानिर्मितीचा उद्योग

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (1870–1944) यांचे चरित्र बहुधा भारतीय चित्रपटाचे जनक या बिरुदाच्या अनुरोधाने लिहिले जाते. त्यामुळे 1912 पूर्वीचे त्यांचे आयुष्य ही केवळ पूर्वतयारी ठरते आणि 1919 नंतरचे आयुष्य ही शोकांतिका. वस्तुतः या दोन्ही कालखंडांना जोडणारे एक सूत्र आहे. फाळके हे प्रथमपासून रूप घडविणारे कारागीर होते. नसलेली वस्तू डोळ्यांना खरी भासावी, ही त्यांची विद्या. त्या विद्येचा त्यांनी उद्योग उभारला. मात्र त्या उद्योगाचे खरे भांडवल पैशात नव्हते, त्यांच्या दोन हातांत होते. भागीदारांशी त्यांचे वारंवार का बिनसले, हे या दृष्टीने पाहिल्यास अधिक उलगडते.

त्र्यंबकेश्वर येथे 30 एप्रिल 1870 रोजी एका शास्त्र्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. 1885 मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले आणि तो व्यवसाय त्यांनी सोडला. त्यानंतर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे, जादूचे प्रयोग करणे, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी करणे, अशी वरकरणी विस्कळीत वाटणारी वाटचाल दिसते. जादूगार म्हणून त्यांनी आपल्याच आडनावाची अक्षरे उलटवून ‘केल्फा’ हे नाव घेतले होते. नोकरी सोडल्यावर त्यांनी मुद्रणाचा व ठसे तयार करण्याचा कारखाना काढला, रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी 1909 मध्ये जर्मनी गाठली आणि परतल्यावर भागीदारांशी मतभेद होऊन छापखान्यातून ते बाहेर पडले. पुढील आयुष्यात या घटनेची पुनरावृत्ती झाली.

1911 मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांनी चित्रनिर्मितीचा ध्यास घेतला. फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व अन्य सामग्री यांची व्यवस्था करून परतले. कर्ज मिळविण्यासाठी त्यांनी रोपट्याच्या वाढीचे चित्रण केले. कुंडीत लावलेल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन अंकुराची अनेक दिवसांची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखविली. भांडवलदारांपुढे त्यांनी आपल्या किमयेचा नमुनाच मांडला, असे म्हणता येईल.

‘राजा हरिश्चंद्र’ (1913) या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, रंगभूषा व संकलन या साऱ्यांत त्यांचाच हात होता. पत्नी सरस्वतीबाई घरी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून रसायने कालविण्यापर्यंतची कामे करीत. घर आणि कारखाना असा भेद तेथे नव्हता. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. तेव्हा मुंबईतील एका उपाहारगृहात दहा रुपये पगारावर काम करणारे अण्णा साळुंके यांना पंधरा रुपये देऊन फाळक्यांनी आणले. इतर पुरुषनट मिशा उतरविण्यास राजी नव्हते, कारण मिशी उतरविणे हे पितृनिधनाचे लक्षण मानले जाई. त्यांचे मन वळविणे हादेखील रंगभूषेचाच एक भाग होता.

पुरुषाने स्त्रीरूप घेणे मराठी मुलखाला नवे नव्हते. संगीत रंगभूमीवर भाऊराव कोल्हटकर व बालगंधर्व यांनी ती परंपरा वैभवास नेली होती. दक्षिण कोकणात विजयदुर्गापासून सावंतवाडीपर्यंतच्या जत्रांतून दशावतारी नट आपल्या हाताने चेहरा रंगवून देव, दैत्य आणि स्त्रिया साकारीत आले आहेत. परंतु तेथे रंगाला गळ्याची साथ असते. रूपात राहिलेली उणीव गाण्याने व बोलण्याने भरून निघते. मूकपटात ही साथ नव्हती. शिवाय तत्कालीन फिल्मला तांबड्या रंगाची जाण नसल्याने तांबडा रंग पडद्यावर काळवंडून उमटे, तर निळा फिकट दिसे. रंगपटातील आरशात देखणा वाटणारा चेहरा पडद्यावर बिघडू शकत असे. नाटकाची रंगभूषा जशीच्या तशी उचलणे म्हणूनच शक्य नव्हते. रंगांचा विचार करड्या छटांच्या हिशेबाने नव्याने करणे भाग होते. चित्रकला, छायाचित्रण आणि ठशांचे काम या तिन्हींत वावरलेल्या माणसाला ही दृष्टी असणे स्वाभाविक होते.

‘मोहिनी भस्मासुर’ (1913) मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया प्रथमच कॅमेऱ्यापुढे आल्या. तरीही ‘लंकादहन’ (1917) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका फाळक्यांनी साळुंके यांनाच दिल्या. एकाच देहातून दोन विरोधी रूपे उभी करण्याचे हे धाडस केवळ नटाच्या अडचणीपोटी घडले, असे मानणे अपुरे ठरेल. ‘कालियामर्दन’ (1919) मध्ये तर त्यांनी आपली विद्या प्रेक्षकांपुढे उघडच केली. आरंभी त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी निरनिराळे मुखभाव दाखविते आणि मग तिची प्रतिमा पाहता पाहता श्रीकृष्णाच्या वेषात विरघळते. जादूगार सहसा युक्ती लपवितो; येथे युक्ती दिसूनही माया भंगत नाही.

1918 च्या आरंभी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. पैशाची विवंचना मिटली, पण वादाचे कारणही तेथेच जन्मले. भागीदारांना खर्चाचा अंदाज, वेळापत्रक आणि ठरावीक उत्पादन हवे होते, आणि गुंतविलेल्या पैशाच्या दृष्टीने ती मागणी गैर नव्हती. फाळक्यांची पद्धत मात्र मनासारखा परिणाम साधेपर्यंत प्रयोग करीत राहण्याची होती. अखेर ते कंपनी सोडून काशीस गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे समकालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे नाटक लिहिले. 1922 मध्ये ते कंपनीत परतले. परंतु जुने मतभेद मिटले नाहीत.

याच काळाच्या सुमारास, 1917–18 मध्ये, ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेख लिहिले. मराठीतील चित्रपटविषयक आरंभीच्या लेखनात त्यांचे मोल मोठे आहे. आपल्या विद्येला शब्दरूप देऊन ती इतरांच्या हाती सोपविण्याचा तो प्रयत्न होता. तथापि लेखाने मार्ग दाखविता येतो, हाताची सवय देता येत नाही. या उद्योगाची मर्यादा तीच होती.

बोलपट आल्यावर रंगाला पुन्हा आवाजाची साथ मिळाली आणि मूकपटाची विशिष्ट कारागिरी मागे पडली. ‘सेतुबंधन’ हा मूकपट पुढे ध्वनी जोडून दाखवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (1937) हा त्यांचा अखेरचा चित्रपट आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव पूर्ण बोलपट होय. तेव्हा त्यांचे वय 67 होते, आणि विषय पुन्हा चमत्कृतीला वाव देणाराच होता. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. 1969 पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च शासकीय पुरस्कार दिला जातो. तो मिळालेल्यांत नट, दिग्दर्शक आणि गायक ठळकपणे दिसतात. चेहरे रंगविणारा आणि पडद्यामागे माया रचणारा कारागीर मात्र चित्रपटाच्या इतिहासात बहुधा श्रेयनामावलीच्या तळाशीच राहिला आहे. फाळके स्वतः आधी तो कारागीर होते, ही नोंद त्यांच्या चरित्रात अग्रभागी यावयास हवी.