ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मधील मृत्यूपर्यंत प्रामुख्याने साष्टीच्या भाविकांत राहिले.

त्या काळी नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. परंतु पोथी ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ओढ आज्ञेने थोडीच नाहीशी होते! आमची पुराणे काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या, असे हे लोक म्हणू लागले. ही मागणी आम्हांस रास्त वाटते. फादरांनाही ती वाटली. त्यांनी घरोघरी परिचित असलेली ओवी हाती घेतली आणि विश्वाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची तारणकथा सुमारे अकरा हजार ओव्यांत गायिली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यासही हा परदेशी पाद्री कचरला नाही. ऐकणाऱ्या साध्या माणसाला कळावे, हीच त्याची तळमळ होती.

हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, कारण नागरी खिळे उपलब्ध नव्हते. पुढे १६४९ व १६५४ मध्येही ते छापले गेले. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धच फर्मान काढले. तरीही गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, त्यातील ओव्या गायिल्या. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे हे पुराण पुन्हा प्रसिद्ध केले.