रुपयाचे जाणकार बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेबांनी घटना लिहिली, धम्म दिला, हे आपल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहे. पण बाबासाहेब रुपयाचे केवढे मोठे जाणकार होते, हे घरोघरी फारसं बोललं जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं जन्मलेल्या भीमरावांचं बालपण आपल्या साताऱ्यात गेलं. माता भीमाबाई इथंच निवर्तल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव दाखल झालं. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. मजुरांचा पैसा त्यांच्या हातून जाई. नऊ वर्षांचे भीमराव भावाबरोबर त्यांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच कुणी गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडं कबूल केलं, बैलही स्वतःच हाकले, तेव्हा कुठं गाडी मिळाली. पण वाटेत पाणी काही मिळालं नाही. पैसा असून घसा कोरडा!

हाच मुलगा लंडनला शिकला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यावर डी.एस्सी. ही पदवी मिळाली. ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

त्यात सांगितलंय काय? १८९३ पर्यंत टांकसाळीत चांदी दिली की रुपये पाडून मिळत. त्या साली इंग्रज सरकारनं टांकसाळी लोकांना बंद केल्या. पुढं लंडनमधल्या सोन्याच्या साठ्यावर रुपयाचा भाव सांभाळला जाऊ लागला. केन्ससारखे पंडित या पद्धतीच्या बाजूचे. बाबासाहेबांनी दोष दाखवला : रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर! रुपये वाढले की महागाई वाढते, मजुरी मात्र मागं राहते, आणि गरीब भरडतो. म्हणून रुपया सोन्यात बदलून नाही मिळाला तरी चालेल, पण तो किती काढायचा याला कायद्याची वेसण हवी. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढंही त्यांनी हेच मांडलं : रुपये पाडणं साफ बंद करा, जोडीला सोन्याचं नाणं काढा, दोघांचं प्रमाण कायद्यानं ठरवा. सरकारनं ते मानलं नाही.

आज आपल्या नोटेवरही सोनं मिळत नाही. सांगलीच्या हळदपेठेतला हमाल असो की साताऱ्याची शेतमजूर बाई, त्यांना सोन्याचा भाव नको असतो; आठवड्याच्या बाजारात त्या नोटेत पिशवी भरते का, एवढंच ते बघतात. बाबासाहेबांनी रुपया याच मापानं मोजला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं, पण हे माप आजही खरं आहे. आपल्या मुलांना नुसती जयंती नको, हा ग्रंथही वाचायला द्या.

जयभीम!