येहेनचे हेराल्दोराव

परदेशी जाऊन राहण्याचे वेड आपल्याकडे काही नवे नाही. पण आपल्याकडचा माणूस जातो तो लंडनला, न्यूयॉर्कला, दुबईला. जिथे पैसा आहे, गर्दी आहे, तिथे. भरल्या घरचा, शिकला-सवरलेला एखादा तरुण लंडन सोडून स्पेनच्या डोंगरातल्या एका आडगावात बिऱ्हाड थाटतो, आणि तेही दोन हजार पुस्तके खेचरांवर लादून, हे ऐकले की प्रथम हसूच येते. मलाही आले होते. आमच्या ग्रंथालयातल्या मागच्या कपाटात, प्रवासवर्णनांच्या रांगेत, 'साउथ फ्रॉम ग्रानाडा' नावाचे पुस्तक हाती लागले तेव्हा लेखकाचे नावही मी ऐकलेले नव्हते. परीक्षा तोंडावर होती, म्हणजे अवांतर वाचनाला याहून उत्तम मुहूर्त नाही! पुस्तक घरी आणले आणि दोन रात्रीत संपवले.

लेखक जेराल्ड ब्रेनन. जन्म 1894 साली, माल्टा बेटावर. वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी, त्यामुळे लहानपण बदल्यांच्या गावी गेले. त्यातला काही काळ दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या हिंदुस्थानातही. पुढे इंग्लंडमधल्या एका नामांकित निवासी शाळेत त्याला घातले. शाळा त्याला मुळीच मानवली नाही. बापाची इच्छा पोराने लष्करात जावे अशी. पोराचे लक्ष नकाशांत आणि कवितांत. शेवटी 1912 साली, अठराव्या वर्षी, हा पठ्ठ्या एका मित्राला घेऊन घरातून पळाला. बेत काय, तर पायी चीनला जायचे! सामान वाहायला एक गाढव. मित्राने व्हेनिसला हात टेकले. ब्रेनन एकटाच पुढे बोस्नियाच्या डोंगरापर्यंत गेला. तिथे बर्फ आणि रिकामा खिसा या दोघांनी मिळून त्याला परत फिरवले.

मग पहिले महायुद्ध आले. जो लष्कराला भिऊन पळाला होता तो फ्रान्सच्या खंदकांत लढला आणि शौर्यपदके घेऊन बाहेर पडला. पण युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये त्याला राहवेना. एवढी मोठी शाळा शिकून आपल्याला येत काहीच नाही, ही खंत त्याला होती. कुठेतरी स्वस्तात राहावे, पोटभर वाचावे, स्वतःच स्वतःचा मास्तर व्हावे, एवढीच इच्छा. लष्करातून मिळालेली पुंजी इंग्लंडमध्ये फार दिवस पुरणारी नव्हती. 1919 च्या शरद ऋतूत त्याने स्पेनचे जहाज पकडले, दक्षिणेत पायी गावोगाव घर शोधीत हिंडला, आणि 1920 च्या आरंभी येहेन नावाच्या गावात एक ऐसपैस जुने घर भाड्याने घेतले. वय वर्षे पंचवीस.

येहेन ग्रानाडा प्रांतात, सिएरा नेवाडा पर्वताच्या दक्षिण उतारावर आहे. या भागाला आल्पुहारा म्हणतात. गाव हजार मीटरहून थोडे उंच. पाठीशी बर्फाची शिखरे, खाली दऱ्या, दूरवर समुद्राची रेघ. इथे पूर्वी मुसलमान शेतकऱ्यांची वस्ती होती. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या या लोकांनी 1568 साली बंड केले. त्यांचा म्होरक्या आबेन उमेया शेजारच्याच वालोर गावचा. बंड मोडले, लोकांना हाकलून दिले आणि उत्तरेकडून ख्रिस्ती कुटुंबे आणून वसवली. माणसे गेली, पण त्यांनी खणलेले पाट राहिले, आणि त्यांची घरे बांधण्याची रीतही राहिली.

ती रीत वाचताना मी चमकलेच. घरांना उतरती कौले नाहीत. वर सपाट धाबे. तुळयांवर आडवे वासे, त्यावर दगडाच्या चिपा, आणि त्यावर करड्या रंगाची, पाणी न झिरपू देणारी एक खास माती. अहो, हे तर आमच्या आजोळचे माळवद! सोलापूरकडे पांढरी माती घालतात, तिकडे करडी, एवढाच फरक. खळ्यावरची मळणी, वारा सुटला की उफणणी, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, वरची आळी आणि खालची आळी यांचे पिढीजात वाकडे, हे सारे वाचताना आपण स्पेनचे वर्णन वाचतो आहोत हे विसरायला होते. खिडकीच्या गजांआडून तासन् तास बोलणारी प्रेमिकांची जोडपी मात्र आमच्या आजोळी दिसायची नाहीत!

गावाने त्याला डॉन हेराल्दो म्हणायला सुरुवात केली. सिनेमामुळे आपल्याकडे डॉन शब्दाची भलतीच गत झाली आहे. स्पेनमध्ये तो आपल्या 'राव'सारखा मानाचा शब्द. तर हे हेराल्दोराव सकाळपासून पुस्तकात डोके घालून बसत, नाहीतर मैलोन् मैल डोंगर तुडवीत. स्वयंपाकपाण्याला मारिया नावाची गावातली बाई होती. गावकऱ्यांच्या समजुती, लग्ने, सण, भुताखेतांच्या गोष्टी हा माणूस ऐकत राहिला. त्यांना सुधारण्याच्या भानगडीत तो पडला नाही, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो. बाहेरून आलेला शिकलेला माणूस गावाला अक्कल शिकवायला लागला की काय होते ते आपण पाहतोच.

लंडनची साहित्यिक मंडळी अधूनमधून पाहुणी येत. 1920 च्या वसंतात चरित्रकार लिटन स्ट्रेची आला; बरोबर चित्रकर्त्री डोरा कॅरिंग्टन आणि ब्रेननचा मित्र राल्फ पार्ट्रिज. स्ट्रेची नाजूक प्रकृतीचा, पोटाचा दुखणाईत. त्याला खेचरावर बसून जायचे. वाटेतली नदी फुगलेली. पहिल्या दिवशी पाणी ओलांडता येईना म्हणून सगळा तांडा परत फिरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला. बिचाऱ्या स्ट्रेचीने ही सहल जन्मभर लक्षात ठेवली असेल. 1923 साली लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ आली, ती मात्र डोंगरात रमली. कॅरिंग्टनवर ब्रेननचा जीव जडला होता. तिने पुढे लग्न केले ते पार्ट्रिजशी, आणि तिचे मन होते स्ट्रेचीपाशी. हा गुंता वर्षानुवर्षे चालला. 1932 साली स्ट्रेची वारला आणि दोनच महिन्यांत तिने स्वतःला संपवले.

इथवर सारे ठीक होते. मी या माणसावर खूष होते. आईला रोज रात्री पुस्तकातला थोडा थोडा भाग मराठीत सांगत होते. तिला माळवद फार आवडले. मग मी त्याच्या आयुष्याविषयी आणखी वाचले आणि एक गोष्ट कळली, जी या पुस्तकात मोकळेपणाने आलेली नाही. येहेनमध्ये त्याच्या घरी कामाला असलेल्या गावातल्या एका मुलीपासून 1931 साली त्याला मुलगी झाली. ती आई अवघी पंधरा-सोळा वर्षांची, तो छत्तीसचा. त्याच सुमारास अमेरिकन कवयित्री गॅमेल वूल्सी हिच्याशी त्याने संसार मांडला. पुढे त्या दोघांनी लहानगीला येहेनहून आपल्या घरी नेले, मिरांडा नावाने वाढवले. गॅमेलने तिला मायेने सांभाळले. 2003 साली या येहेनच्या दिवसांवर स्पेनमध्ये चित्रपटही निघाला.

आईला मी हेही सांगितले. ती भाकरी थापीत होती. तिने एवढेच विचारले, की त्या पोरीच्या आईचे काय झाले? मला उत्तर देता आले नाही. तिच्या वाट्याला कोणाचे आत्मचरित्र नाही. त्यानंतर पुस्तकातली ती सुंदर वर्णने मी पुन्हा वाचली. ती सुंदरच वाटली. पण घरात पाणी भरणारी, चूल पेटवणारी माणसे कुठे आहेत, हे मी आता शोधत होते.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते. 1930 नंतरच्या दशकाच्या मध्यावर त्याने येहेन सोडले आणि मालागाजवळ चुर्रियाना गावी घर घेतले. 1936 साली यादवी युद्ध पेटले. मालागा डाव्यांच्या ताब्यात होते आणि ब्रेननची सहानुभूतीही प्रजासत्ताकाकडे. तरीही घराचा पूर्वीचा मालक, उजव्या बाजूचा, जिवाच्या भीतीने दाराशी आला तेव्हा याने त्याला घरात लपवले. नंतर स्वतःला देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये बसून त्याने या युद्धाची मुळे शोधली: मोठमोठ्या जमीनदाऱ्या, भूमिहीन मजूर, चर्चपासून तुटलेले गरीब, प्रांतांची दुही. 1943 साली 'द स्पॅनिश लॅबिरिंथ' निघाले. इतिहासाची पदवी नसलेल्या माणसाचे हे पुस्तक विद्यापीठांनी डोक्यावर घेतले, आणि फ्रँकोच्या राजवटीने त्याला स्पेनमध्ये बंदी केली. 1953 साली तो चुर्रियानाला परतला. तिथेच 1957 साली येहेनवरचे पुस्तक लिहून झाले, गाव सोडल्याला वीसेक वर्षे उलटल्यावर. 1968 साली गॅमेल वारली. त्यानंतर तो आलाउरीन एल ग्रान्दे या गावी राहायला गेला.

आणि म्हातारपणी एक नवलच घडले. 1984 साली, नव्वदीचा ब्रेनन लंडनजवळच्या एका वृद्धाश्रमात दाखल झाला. स्पेनमध्ये ओरड उठली. आमचा माणूस परक्या देशात का, म्हणून! इंग्रज माणूस इंग्लंडमध्ये गेला तर तो परका देश कसा? पण वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, सरकारी माणसे लंडनला गेली आणि म्हातारबुवांना घेऊन आली. आलाउरीनला त्यांच्या शुश्रूषेची सोय सरकारने केली. तिथेच 19 जानेवारी 1987 रोजी तो वारला.

देह त्याने मालागाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दान दिला होता. पण एवढ्या माणसावर सुरी चालवायला तिथल्या मंडळींचे हात धजावले नाहीत. चौदा वर्षे तो देह औषधी द्रवात तसाच राहिला. अखेर 2001 साली दहन करून अस्थी मालागाच्या इंग्रजी दफनभूमीत गॅमेलशेजारी ठेवल्या. येहेनच्या घरावर आता त्याच्या नावाची पाटी आहे.

आईला हा शेवटही सांगितला. चौदा वर्षांचे ऐकून ती हळहळली. मग म्हणाली, की पोरगी तरी होती का शेवटी जवळ? नव्हती. मिरांडा 1980 सालीच गेली होती, बापाच्या आधी सात वर्षे.