आबालाल रहिमान : कोटितीर्थाकाठचा चित्रकार



आपल्या समाजातील थोर व्यक्तींची नावे सांगा, असे वर्गात विचारले की मुले मौलाना आझाद, डॉ. झाकीर हुसेन, डॉ. अब्दुल कलाम ही नावे भराभर सांगतात. चित्रकाराचे नाव विचारले की मात्र वर्ग गप्प होतो. फार तर एखादा मुलगा पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे नाव घेतो. पण हुसेन यांच्या जन्मापूर्वीच आपल्या महाराष्ट्रात एका मुसलमान चित्रकाराने मोठे नाव मिळवले होते. कोल्हापूरला कलानगरी म्हणतात. त्या नगरीच्या चित्रपरंपरेचा आरंभ ज्यांच्यापासून मोजतात, त्या आबालाल रहिमान यांची ओळख आज मी आपणांस करून देणार आहे.

आबालाल यांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. त्यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. कुराणशरीफच्या प्रती हाताने लिहिणे हे त्यांच्या घरचे काम होते. सुंदर अक्षर, भोवती वेलबुट्टीची किनार, त्यात बारीक रंगकाम, असे ते कसबाचे आणि चिकाटीचे काम असे. मुलाच्या हाती प्रथम आली ती बोरूची लेखणी. रेषा कशी धरावी, कोठे जाड आणि कोठे बारीक करावी, हे तो घरीच वडीलधाऱ्यांजवळ बसून शिकला. त्याबरोबर अरबी आणि फारसीचा अभ्यास झाला, इंग्रजी शिक्षणही काही इयत्तांपर्यंत झाले.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. या घरात कोणी चित्रकार नव्हता. पण हाताचे काम नेटके करण्याची शिस्त होती आणि त्या कामाबद्दल आदर होता. मुलाचा हात तेथेच तयार झाला.

पुढे कोल्हापूरच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या नजरेस या तरुणाची चित्रे पडली. त्यांच्या खटपटीने आबालाल मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. ही शाळा १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूर गृहस्थांनी तिच्यासाठी एक लाख रुपये दिले होते. त्या काळच्या एक लाखाची किंमत आपणच मनाशी करावी. एका पारशी व्यापाऱ्याचे दान, एका इंग्रज अधिकाऱ्याची शिफारस आणि एका मुसलमान कातिबाचा मुलगा, अशी ही सांगड होती. विद्येच्या कामात कोणाचा हात कोणाला लागेल हे आधी सांगता येत नाही.

१८८० ते १८८८ या काळात आबालाल तेथे शिकले. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसावरून अभ्यास, छायाप्रकाश, तैलरंग, जलरंग अशी पाश्चात्त्य पद्धतीची कसून तालीम त्यांनी घेतली. शेवटी व्हाइसरॉयचे पदक मिळवून त्यांनी शिक्षण पुरे केले. मुंबईत राहून श्रीमंतांची व्यक्तिचित्रे रंगवली असती, तर पैसा आणि कीर्ती दोन्ही मिळाली असती. पण ते कोल्हापूरला परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

१८९४ साली राजर्षी शाहू महाराज गादीवर आले. महाराजांना माणसाची पारख होती. त्यांनी पैलवानांना, गवयांना, नाटकवाल्यांना आश्रय दिला, तसाच आबालाल यांनाही दरबारी चित्रकार म्हणून दिला. याच महाराजांच्या काळात १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुसलमान विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची सोय झाली. सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतले. १९१७ साली त्यांनी संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. म्हणजे शिक्षण आणि कला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यांनी मानले नाही. आपल्यासारख्या शिक्षण संस्थेने ही गोष्ट विसरू नये.

आबालाल मात्र दरबारात रमणारे नव्हते. कोटितीर्थ तलावाच्या काठी ते अगदी साधेपणाने, फकिरासारखे राहत. पहाटेचे धुके, दुपारचे ऊन, सायंकाळी पाण्यावर पडलेले आभाळ, पंचगंगेचा घाट, रंकाळ्यातील संध्यामठ हे त्यांचे विषय. तेच झाड आणि तेच पाणी ते निरनिराळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवीत. रंग विकत घेणे परवडेना, तेव्हा माती, दगड आणि पाने यांपासून ते स्वतः रंग तयार करीत, असे कोल्हापूरचे जुने लोक सांगत आले आहेत. त्यांची काही निसर्गचित्रे जवळून पाहिली तर नुसते रंगाचे ठिपके दिसतात. चार पावले मागे सरले की त्याच ठिपक्यांचे पाणी होते आणि पाण्यावर उजेड हलू लागतो. युरोपातही त्याच सुमारास काही चित्रकार अशा ठिपक्यांनी प्रकाश रंगवीत होते. आबालाल मात्र आपल्या तलावाकाठी बसून, आपल्याच डोळ्यांनी पाहत तेथवर पोहोचले.

१९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराजांचे निधन झाले. आबालाल यांचा आधार गेला. त्यानंतर दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात आजही सांगतात. कोणी हजारांनी आकडा सांगतात. तो आकडा आता कोण मोजणार? खरे एवढेच की, जन्मभर रोज काम करणाऱ्या या माणसाची फार थोडी चित्रे मागे उरली आहेत. १९३१ साली ते अल्लाहला प्यारे झाले.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्राकडे मी असे पाहतो. कलावंताला तीन गोष्टी लागतात. त्याचा गुण ओळखणारा माणूस, त्याला शिकवणारी शाळा आणि त्याचे काम जपून ठेवणारी जागा. पहिल्या दोन गोष्टी आबालाल यांना मिळाल्या. तिसरी मिळाली नाही. मुंबईत १८७२ पासून राणीच्या बागेतील संग्रहालय होते. महाराज वारले त्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही लोकांसाठी खुले झाले. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. पण कोल्हापुरात संग्रहालय निघाले ते ब्रह्मपुरीच्या उत्खननानंतर, १९४६ साली. तोवर आबालाल यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. पुढे ते टाऊन हॉलच्या इमारतीत आले. ब्रह्मपुरीत सापडलेली रोमन समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती तेथे आहे आणि आबालाल यांची उरलेली काही चित्रेही तेथे पाहावयास मिळतात.

काम हरवले तरी शिकवण हरवली नाही. पुढच्या पिढीतील बाबूराव पेंटर यांनी आबालाल यांचे काम पाहून पुष्कळ घेतले. त्यांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली सैरंध्री हा मूकपट पडद्यावर आणला. त्याच परंपरेत चंद्रकांत मांडरे झाले. हे प्रसिद्ध नट निसर्गचित्रेही रंगवीत. त्यांनी आपले राहते घर चित्रांसह शासनाच्या स्वाधीन केले. म्हणून त्यांची चित्रे आज एका छपराखाली सुरक्षित आहेत. एकाची चित्रे पाण्यात गेली, दुसऱ्याची संग्रहालयात गेली. हा फरक गुणांचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

आता आपल्या तळोज्याकडे वळू. एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा इतिहासाच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर चित्र काढीत होता. कासाडी नदीचा पूल आणि मागे एम.आय.डी.सी.च्या चिमण्यांचा धूर. मी पान फाडले, चुरगळले आणि टोपलीत टाकले. मुलगा काही बोलला नाही. दहावीनंतर तो कामाला लागला. आबालाल यांचे चरित्र वाचताना मला ते पान आठवले. चित्र पाण्यात टाकायला तलावच लागतो असे नाही.

जिवंत प्राण्यांची चित्रे काढावीत की नाही, याबद्दल आपल्या घराघरांत मतभेद आहेत. त्यावर निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु खुशखत, वेलबुट्टी, भौमितिक नक्षी, निसर्गदृश्य, इमारतीचा आराखडा यांना कोणाची हरकत असणार? आबालाल यांची सुरुवात याच कलेने झाली. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांना आपल्या मुलामुलींना अवश्य बसवा. ज्या जे. जे. मध्ये आबालाल शिकले, ते पनवेलहून निघालेली हार्बरची गाडी जेथे शेवटी थांबते, तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. २०२३ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्या मुलांसाठी ते दूर नाही.

आणि आणखी एक विनंती. आपल्या घरी माळ्यावरच्या पेटीत आजोबा-पणजोबांच्या वेळचे काही असेल. हाताने लिहिलेले कुराणशरीफ, जुनी सनद, मोडीतील कागद, निकाहाचा दस्तऐवज, एखादे नक्षीदार कलमदान. रद्दीत देण्यापूर्वी किंवा पुराच्या पाण्यात भिजण्यापूर्वी ते कोरड्या कापडात गुंडाळून उंचावर ठेवा. त्यावर कोणाचे, कोठले, केव्हाचे, एवढे लिहून ठेवा. जमल्यास वर्षातून एकदा शाळेत आणून मुलांना दाखवा. मोठे संग्रहालय बांधणे आपल्या हाती नसेल, पण एक कपाट तर आपण नक्कीच सांभाळू शकतो.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. वहीच्या मागच्या पानावर आता चित्र दिसले, तर तास संपल्यावर ते पान मी मागून घेतो, खाली मुलाचे नाव आणि तारीख लिहितो आणि जपून ठेवतो.