आकाशाशी पंचांग जुळविणारे गणिती : व्यंकटेश बापूजी केतकर

पंचांगात दिलेल्या वेळेस ग्रहण लागले नाही, तर चूक सूर्यचंद्रांची नसते, गणिताची असते. आज ही गोष्ट कोणीही मान्य करील. परंतु एकोणिसाव्या शतकात ती उघडपणे बोलणे सोपे नव्हते. कारण प्रश्न केवळ गणिताचा नसून व्रतवैकल्यांचा, श्राद्धतिथींचा आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेचा होता. हे काम ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने केले, त्यांत व्यंकटेश बापूजी केतकर यांचे नाव अग्रभागी येते.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. हे गाव आज कर्नाटकाच्या गदग जिल्ह्यात आहे. ते चार वर्षांचे असताना नरगुंदचे बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांना बेळगावी फाशी झाली आणि संस्थान खालसा झाले. पुढे केतकर मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात शिरले आणि बागलकोटच्या इंग्रजी शाळेत त्यांनी अध्यापन केले. हाताशी वेधशाळा नाही, विद्यापीठाचे पाठबळ नाही. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात ग्रहांच्या गती मांडाव्यात, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी दक्षिणेतील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. शके १४४२ मधील हा ग्रंथ सुलभतेचा आदर्श होता; ज्या-कोष्टकांवाचून ग्रहगणित करण्याची सोय त्यात होती. पण जुन्या सिद्धांतातील वर्षमान प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी अधिक, आणि ग्रहगतींतील लहानसहान अंतरेही शतकानुशतके साचत गेलेली. त्यामुळे पंचांगातला ग्रह एका ठिकाणी आणि आकाशातला दुसऱ्या ठिकाणी, अशी अवस्था झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली मराठीत ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध करून सुधारणेचा मार्ग दाखविला होता. केतकर त्याच मार्गाने पुढे गेले. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ या ग्रंथांत त्यांनी युरोपीय ज्योतिषाची सूक्ष्म मानके स्वीकारली. परंतु ग्रंथ लिहिले ते संस्कृतात. यात त्यांची दूरदृष्टी दिसते. ज्या शास्त्रीमंडळींच्या हाती पंचांग होते, त्यांना नवे गणित त्यांच्याच भाषेत मिळाले, आणि ते सर्व प्रांतांतील विद्वानांना वाचता आले. सामान्य मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिले.

खरा वाद पेटला तो राशिचक्राच्या आरंभस्थानावरून. छत्रे आणि लोकमान्य टिळक हे रेवती नक्षत्रातील एका मंद तारकेपासून आरंभ मानीत. केतकरांचे म्हणणे असे की, तेजस्वी चित्रा तारका आरंभापासून बरोबर १८० अंशांवर धरावी आणि त्यावरून आरंभबिंदू ठरवावा. दोन्ही पक्षांत सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीस, तर इतरत्र १४ जानेवारीस येते आणि कधी अधिक मासही निराळा होतो. समोर टिळकांसारखा लोकनेता आणि गाढा अभ्यासक असतानाही केतकरांनी आपले मत सोडले नाही. भारत सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने १९५५ च्या अहवालात धार्मिक पंचांगासाठी स्वीकारलेले अयनांश चित्रापक्षाशी जुळणारे आहेत. हा निर्णय पाहावयास केतकर हयात नव्हते.

त्यांच्या नावाभोवती एक अद्भुत कथाही आहे. १९११ साली फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे प्रतिपादन केले. त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत लाप्लासला आढळलेला संबंध त्यांनी दूरच्या ग्रहांना लावून पाहिला. ब्रह्माचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे काढला. फेब्रुवारी १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट, काल सुमारे २४८ वर्षे!

या साम्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तो सत्याला धरून असावा. युरेनस व नेपच्यून यांच्या गतींत तो संबंध नेमका नाही, हे पुढे स्पष्ट झाले. ग्रह आकाशात कोठे शोधावा हे केतकरांनी सांगितले नव्हते, आणि विष्णू तर कधीच सापडला नाही. प्लूटोलाही २००६ पासून ग्रहांच्या पंक्तीत स्थान उरलेले नाही. केतकरांचे मोठेपण या भाकितावर अवलंबून नाही, हेच बरे. जो गणिती आयुष्यभर गणिताला आकाशाची साक्ष मागत राहिला, त्याच्या भाकितालाही तीच कसोटी लावली पाहिजे.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी विजापूर येथे घालविली. प्लूटोच्या शोधाला सहा महिने होतात न होतात तोच, ३ ऑगस्ट १९३० रोजी त्यांचे निधन झाले. घरोघरी भिंतीवरच्या खिळ्याला लटकणाऱ्या पंचांगात आज दिलेल्या वेळी ग्रहण लागते आणि दिलेल्या वेळी सुटते. ते पाहणाऱ्याला त्यामागचे गणित आठवत नाही. बागलकोटच्या त्या शिक्षकाचे नाव तर क्वचितच. पण ग्रहण वेळेवर लागते.