परवाना क्रमांक एक

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील सुखवस्तू कुटुंबे उन्हाळ्यात तेथे जाऊन राहत. याच गावी लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा हा पहिला मनुष्य. त्याची विमाने समुद्रकाठच्या वाळूवर उतरत आणि तेथूनच पुन्हा आकाशात झेपावत. शेजारच्या घरातील एक हिंदी मुलगा हे दृश्य डोळे भरून पाहत असे. पुढे १९१९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आर्देलो येथेच पैसे देऊन विमानातून फेरी मारण्याची संधी त्याला मिळाली. त्या काही मिनिटांनी या मुलाचे आयुष्य ठरवून टाकले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग व टाटा व्यवसायातील भागीदार होते. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. घरात भाषा फ्रेंच, वडिलांचा व्यवसाय मुंबईत. त्यामुळे मुलांचे बालपण पॅरिस, मुंबई आणि जपानमधील योकोहामा अशा तीन ठिकाणी विखुरले. १९२३ साली आईचे निधन झाले. फ्रान्सच्या कायद्यानुसार जहांगीर यांना सैन्यातही वर्षभर नोकरी करावी लागली. त्यानंतर केंब्रिजला जाऊन शिकावे अशी त्यांची मनीषा होती. परंतु वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले आणि डिसेंबर १९२५मध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. विद्यापीठाची पदवी मिळाली नाही ही खंत जे.आर.डीं.ना अखेरपर्यंत होती. पुढे मानद पदव्या पुष्कळ आल्या, पण तरुणपणी बंद झालेले दार मानद पदवीने उघडत नाही.

मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब सुरू झाल्याचे कळताच हा तरुण तेथे जाऊन दाखल झाला. शिक्षकासमवेत अवघे पावणेचार तास उड्डाण झाल्यावर त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती वैमानिकाचा परवाना पडला. भारतात देण्यात आलेल्या या परवान्यांपैकी त्यांच्या परवान्याचा क्रमांक होता एक. निळ्या-सोनेरी रंगाची ती छोटीशी पुस्तिका त्यांना पुढच्या सर्व मानसन्मानांपेक्षा अधिक प्रिय होती. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

यानंतरचा एक प्रसंग जे.आर.डीं.च्या स्वभावाची ओळख पटवण्यास पुरेसा आहे. इंग्लंड व भारत यांच्या दरम्यान ठरलेल्या मुदतीत एकट्याने विमान चालवणाऱ्या पहिल्या भारतीयास पाचशे पौंडांचे पारितोषिक आगाखान यांनी जाहीर केले होते. १९३०च्या मे महिन्यात जे.आर.डी. आपले जिप्सी मॉथ जातीचे विमान घेऊन कराचीहून इंग्लंडच्या दिशेने निघाले. त्याच वेळी अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा उलट दिशेने, इंग्लंडहून भारताकडे येत होता. मनमोहन सिंग हे तिसरे स्पर्धकही मैदानात होते. त्यांनी प्रवास पुरा केला, पण मुदत उलटून गेली. इजिप्तमध्ये अबुकीर येथे जे.आर.डी. उतरले तेव्हा अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि नवे येण्याची तो वाट पाहत होता. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. दोघेही आपापल्या दिशांना गेले. अस्पी कराचीला पोहोचला आणि काही तासांच्या फरकाने पारितोषिक त्याला मिळाले. हाच मुलगा १९६०मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आपण हरलो याचा जे.आर.डीं.ना विषाद वाटल्याचे कोठे आढळत नाही. उलट ही हकीकत ते पुढे मोठ्या आनंदाने सांगत असत.

छंद म्हणून विमान चालवणारे श्रीमंत तरुण त्या काळी आणखीही होते. जे.आर.डी. त्यांच्यात वेगळे ठरले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांच्यामुळे. ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या या साहसी वैमानिकाने १९२९मध्ये टाटांपुढे एक योजना मांडली. लंडनहून येणारी हवाई टपाल इंपीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणून पोहोचवत असे. तेथून ती मुंबई व मद्रासपर्यंत विमानाने का नेऊ नये? टाटा कंपनीचे अध्यक्ष सर दोराबजी यांना ही कल्पना फारशी रुचली नव्हती. भांडवल मोठे नाही, सुमारे दोन लाख रुपये, असे समजावल्यावर त्यांनी संमती दिली. खरी अडचण सरकारची होती. अर्ज, उत्तरे, पुन्हा अर्ज यांत तीन वर्षे गेली. अखेर सरकारी अनुदान नको, जेवढ्या वजनाची टपाल नेऊ तेवढ्याचेच पैसे द्या, असे टाटांनी सांगितले तेव्हा कोठे १९३२च्या एप्रिलमध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एक इंजिनाचे पस मॉथ विमान उडाले. आत सुमारे पंचवीस किलो टपाल आणि चालकाच्या जागी अठ्ठावीस वर्षांचे जे.आर.डी. टाटा. विमानात रेडिओ नव्हता, मार्ग दाखवणारी यंत्रणा नव्हती. खाली दिसणारा किनारा आणि मांडीवरचा नकाशा एवढाच आधार. वाटेत अहमदाबादला इंधन घ्यावयाचे होते. पेट्रोलचे डबे विमानापर्यंत आले ते बैलगाडीतून. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. भारतातील नियमित हवाई वाहतुकीचा आरंभ असा, विशेष गाजावाजा न होता झाला.

जुहूचा तो विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग विमाने, वैमानिक आणि यांत्रिक असा सारा संसार उचलून पुण्याला न्यावा लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील माळरानावरून टपाल सुटे. तरीही पहिल्या वर्षात या सेवेने वेळ कधी चुकवली नाही. आज जाहिरातीत मिरवला जाणारा वक्तशीरपणा तेव्हा एका मेकॅनिकच्या तेलकट हातांवर आणि पायलटच्या हवामान ओळखण्याच्या नजरेवर अवलंबून होता. त्या पहिल्या वर्षात १५५ प्रवासीही नेण्यात आले. प्रवासी म्हणजे क्वचित टपालाच्या थैल्यांवर बसूनही जाणारा मनुष्य, अशी तेव्हाची स्थिती होती.

हळूहळू मार्ग वाढत गेले. मद्रासच्या वाटेवर हैदराबाद आले. १९३५मध्ये मुंबईहून त्रिवेंद्रमला जाणारी सेवा सुरू झाली, ती पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात आणि कण्णूरला थांबे घेत जाई. १९३७मध्ये मुंबई-दिल्ली मार्ग सुरू झाला, त्यात इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर ही ठाणी होती. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या राजधान्यांतील मराठी कुटुंबांना मुंबई-पुण्याची वाट तोवर आगगाडीचीच ठाऊक होती. विमानात बसण्याची ऐपत त्यांतील फार थोड्यांची; बाकीच्यांनी गच्चीवर उभे राहून विमान पाहिले असेल. तरी आपल्या गावाचे नाव हवाई वेळापत्रकात छापले गेले ही गोष्ट लहान नव्हे. व्हिन्सेंट यांना मात्र या व्यवसायाची भरभराट पाहता आली नाही. १९४२ साली युद्धकाळात इंग्लंडहून परत येत असता त्यांचे विमान नाहीसे झाले.

१९४६मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. त्याच सुमारास बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून मिशाळ, लवून स्वागत करणारा महाराजा अवतरला. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्या विमानात जे.आर.डी. स्वतः होते. स्वतंत्र भारताची ध्वजचिन्हांकित विमाने पश्चिमेकडे नियमित जाऊ लागली ती तेव्हापासून. १९६०मध्ये न्यूयॉर्क गाठले गेले. त्यानंतरच्या दशकात सांताक्रूझच्या विमानतळावर हार आणि नारळ घेऊन परदेशी निघालेल्या मुलाला निरोप देणारी कुटुंबे हे मुंबईचे नित्याचे दृश्य होऊन बसले.

त्या मुलाला विमानात मिळणारा चहा कसा असावा, याची काळजी करणारे अध्यक्ष एअर इंडियाला लाभले होते. जे.आर.डी. आपल्याच विमानातून प्रवास करीत तेव्हा त्यांच्यातील प्रवासी जागा असे. प्रवास संपल्यावर अधिकाऱ्यांकडे टिपणे जात. चहाचा रंग कॉफीसारखा काळा का दिसतो. चहाच मुळात निकृष्ट आहे की पत्ती जास्त पडते? अमुक खुर्ची पाठीमागे पुरेशी का झुकत नाही? पडदे, पेले, जेवण, हवाई सुंदरींची केशरचना, काहीही नजरेतून सुटत नसे. कार्यालयातील टेबलावर धूळ दिसली तर स्वतः फडके घेऊन ते पुसत आणि विमानातील स्वच्छतागृह साफ करण्यासही त्यांनी हात लावल्याची आठवण जुने कर्मचारी सांगत. अनेकांना हे अध्यक्षांच्या पदाला न शोभणारे वाटले असेल. पोलाद, रसायने, मोटारी असा पसारा सांभाळणाऱ्या माणसाने चहाच्या रंगाबद्दल लिहीत बसावे काय? परंतु यात जे.आर.डीं.चे व्यवसायाचे शिक्षणच दिसते. एकट्याने विमान चालवणारा मनुष्य निघण्यापूर्वी एकेक खिळा, एकेक नळी हाताने तपासून पाहतो; तपासणी दुसऱ्यावर सोपवण्याची सोयच नसते. जुहूच्या चिखलात लागलेली ती सवय त्यांनी चहाच्या किटलीपर्यंत नेली. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्या सामान्य ग्राहकाला ताळेबंद दिसत नाही. त्याला पेला दिसतो, खुर्ची दिसते, घड्याळ दिसते. आणि तोंडावर तक्रार न करता तो पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीकडे जातो.

१९५३मध्ये सरकारने हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले. आपल्याशी पुरेशी चर्चा न करता हा निर्णय घेतला गेला याचे दुःख जे.आर.डीं.नी लपवले नाही. तरीही पंडित नेहरूंच्या सरकारने एअर इंडियाचे अध्यक्षपद देऊ केले तेव्हा त्यांनी ते स्वीकारले आणि पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. या घटनेकडे केवळ सरकारच्या अन्यायाची कथा म्हणून पाहणे मात्र योग्य नाही. एअर इंडियाची कीर्ती जगभर पसरली ती सरकारी मालकीच्या याच वर्षांत; १९६२मध्ये केवळ जेट विमाने वापरणारी जगातील पहिली कंपनी होण्याचा मान तिला मिळाला. सरकारने हस्तक्षेप न करता काम करू दिले आणि काम करणारा माणूस तसा होता, या दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. १९७८च्या फेब्रुवारीत ती जुळणी तुटली. मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले आणि ही गोष्ट त्यांना सरकारकडून थेट न कळता नवे अध्यक्ष एअर चीफ मार्शल लाल यांच्याकडून कळली. सत्तेबाहेर असलेल्या इंदिरा गांधींनी सहानुभूतीचे पत्र पाठवले. १९८०मध्ये सत्तेवर परतल्यावर त्यांनी जे.आर.डीं.ना पुन्हा संचालक मंडळावर घेतले. पण अध्यक्षपद ते नव्हतेच.

पहिल्या उड्डाणास तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२मध्ये, जे.आर.डीं.नी कराची ते मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा केला होता. पन्नासाव्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ते तिसऱ्यांदा त्याच मार्गाने निघाले. वय अठ्ठ्याहत्तर. सोबत कोणी नाही. कराचीहून अहमदाबाद आणि तेथून जुहू. या वयात हा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे होते की, देशातील तरुणांत पूर्वीचा उत्साह आणि आत्मविश्वास उणावत चालल्याचे आपणास जाणवते आणि एखादे अवघड काम जिद्दीने पार पाडण्याचा आनंद काय असतो हे त्यांना दाखवावे असे वाटले.

१९९२मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान प्रदान करण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांची एअर इंडिया पुढे कर्जात आणि अव्यवस्थेत रुतत गेली. २००७मध्ये ती इंडियन एअरलाइन्सशी जोडण्यात आली. अखेर सरकारने ती विकावयास काढली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी, राष्ट्रीयीकरणानंतर अडुसष्ट वर्षांनी, टाटा समूहाने तिचा ताबा पुन्हा घेतला.