सावित्रीबाईंची पत्रे आणि साथींचा नकाशा

सावित्रीबाई फुले यांचे चरित्र सामान्यतः १८४८ सालच्या मुलींच्या शाळेपासून सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्या साथीने त्यांच्या आयुष्याचा शेवट झाला, तिचा विचार त्यामानाने थोडाच होतो.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. १८५६ च्या पत्रात त्यांच्या स्वतःच्या आजारपणाचा उल्लेख आहे. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळ आहे : मरणारी जनावरे, पाण्याचे दुर्भिक्ष्य आणि गाव सोडून निघालेली कुटुंबे. स्थळ, तिथी आणि घटना या तिन्ही गोष्टी एका घरगुती कागदावर एकत्र आल्या, की संकटाच्या नकाशावर एक खात्रीचा बिंदू मिळतो.

जोतीराव १८९० मध्ये निवर्तले. १८९६ साली प्लेग मुंबईत प्रकटला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत या साथीला बळी पडले. पुण्यात सावित्रीबाईंनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णसेवा आरंभिली. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारी तक्ते मृत्यू मोजतात. रुग्ण कोणत्या वाटेने गेला आणि त्याला कोणी उचलले, हे ते सांगत नाहीत. मुंढवा ते हडपसर ही वाट माणसांच्या आठवणीने राखली, आणि तीही रुग्ण वाहून नेणारी व्यक्ती थोर होती म्हणून! असंख्य सामान्य घरांतील वाटा मात्र पुसल्या गेल्या.

बीड जिल्ह्याला हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. १८९७ साली हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याच्या प्लेगविषयक दप्तरात त्याचा हिशेब शोधणे व्यर्थ होय. म्हणूनच येथील जुन्या रोजनिश्या, पत्रे आणि जमाखर्चाच्या वह्या यांचे मोल मोठे. त्या रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी, घरच्यांच्या संमतीने, त्यांतील गाव, तिथी व आजार यांच्या नोंदी टिपून घ्याव्यात. सावित्रीबाईंनी ज्यांना अक्षर दिले, त्यांच्या वारसांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.